तीन बोटं

कोट लिंडनने आणला, लीड्सच्या जुन्या बाजारातून,
कागदी पिशवीत कोंबून.
"एप्रिलमध्ये लग्न आहे. पोटावर जरा सैल होईल?"
मी म्हटलं, आधी आतून बघू दे.
बाहेरून काय, सगळेच कोट सभ्य गृहस्थ असतात.

दिव्याखाली उलटा केला.
आतल्या खिशात पट्टी, शाई तपकिरी पडलेली:
डब्ल्यू. ऑड्सली, १४ मार्च १९३८.
शिवणाऱ्याचं नाव नाही. ते कुठे असतं?
त्याचे टाके तेवढे आहेत,
लेपलच्या पोटात शेकडो, तिरपे, तांदळाएवढे,
एकही ताणलेला नाही.
म्हणून तर इतक्या वर्षांनी हात काढून घेतला
की लेपल आपणहून वळतो,
झोपेत कूस बदलावी तसा.

काजांना रेशमाचा दोरा.
बाहीची चारही बटणं खरोखर उघडतात.
कोण उघडणार होतं?
पण उघडतात.

मग उजवा खांदा. आत कापसाचा एक पदर जास्त.
म्हणजे ऑड्सली त्या अंगाला खचलेला,
ओझ्याने की जन्मापासून, शिंप्यालाच ठाऊक.
त्याने ती कसर भरून काढली
आणि कुणाजवळ बोलला नाही.
(दुसरी कसर काखेत, चार भोकं पाडून गेलेली.
ती मी रफू करीन.)

पाठीची मधली शिवण उसवली.
आत तीन बोटं कापड, दुमडून ठेवलेलं.
तीन!
मला मिसेस बेअरस्टोंनी शिकवलं, दोन पुरे.
पोरांचे कपडे शिवतात वाढत्या अंगाचे,
याने एका बाप्याचा कोट तसा शिवला:
पन्नाशी येईल, रविवारचं मटण अंगी लागेल,
पोट सुटेल, तेव्हा येईलच परत,
तेव्हा सोडू.

ऑड्सली परत आला नाही.
घडीवर दुसऱ्या सुईचं एक भोक नाही.
ते साल वाचून मला जे वाटलं, तेच तुम्हालाही वाटेल.
नसेलही तसं.
काही माणसं मरेपर्यंत सडपातळ राहतात.

आणि रंग.
मी त्याला आल्यापासून राखाडी म्हणत होते.
ऊन न पाहिलेल्या त्या तीन बोटांत
तो निळा निघाला,
सर ओसरल्यावर समोरची पाटीची छपरं होतात
तेवढा निळा.

शनिवारी लिंडन आला. सांगितलं त्याला:
दोन बोटं सोडते, कोट बसेल,
पण पाठीवर निळी रेघ दिसेल, मानेपासून खालपर्यंत.
ती झाकायला माझ्याकडे काही नाही.
त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला.
"आणि आत किती उरेल?"
एक बोट.
"मग ते राहू दे."

मी पट्टी त्याच्या पोटाभोवती घेतली.
आकडा वहीत लिहिला,
मोठ्याने वाचला नाही.