शेजारची सीट

शंभर डॉलर दंड, एकोणपन्नास कोर्टखर्च.
वकील म्हणाला, लढायचं तर माझे साडेआठशे.
वर म्हणाला, तुमच्या जागी मी भरून टाकले असते,
आणि हे फोनवर सांगितल्याचं काही घेतलं नाही.
इतक्या बारक्या गुन्ह्याला सरकारी खर्चानं वकील मिळत नाही.
नाकापेक्षा मोती जड, कबूल.
पण नाक माझं आहे.

गाडी डेलची. चालवत होता डेल.
मागचा उजवा दिवा गेलेला,
नवा बल्ब दोन आठवडे डॅशबोर्डवर, खोक्यातच.
त्या बल्बापायी थांबवलं आम्हाला
साखर कारखान्याच्या पुढे,
बीटच्या ट्रकांनी सांडलेल्या चिखलात.
डेप्युटी पोरगेलासा. मला मॅडम म्हणाला.
टॉर्च माझ्या पावलांशी आणला
आणि सीटखालून काढली
बोटभर काचेची नळी,
टोकाला फुगीर, आतून काळी.
ही कुणाची?

डेलनं रस्त्याकडे पाहिलं.
गाडी उभी असताना
रस्त्याकडे पाहायचं काही कारण नसतं.
त्याच्या प्रोबेशनचे सात महिने उरलेत.
मी म्हणाले, माहीत नाही.
ते खरं होतं.
जवळजवळ.

आता तो कागद फ्रिजवर आहे,
भोपळ्याच्या आकाराच्या मॅग्नेटखाली.
दोन चौकोन: कबूल. नाकबूल.
नळी माझी नाही आणि कुणाची ते विचारू नका,
असा चौकोन नाही.
नाकबूल म्हटलं की कुणीतरी चष्मा पुसत विचारणार,
बरं, मग गाडीत आणखी कोण होतं?
कबूल म्हटलं तर प्रश्न वर्षभरानं येईल,
नर्सिंगच्या अर्जात, अकराव्या रकान्यात:
कधी दोषी ठरलात काय? असल्यास तपशील जोडा.
काय जोडू?
एक बल्ब?

आई म्हणते, शार्ला, भर आणि मोकळी हो.
आमच्या घरात मोकळं होणं म्हणजे पावती मिळणं.
डेलच्या पावत्यांचा बुटाचा खोका आहे तिच्याकडे,
रबर लावलेला. रबर दोनदा बदललंय.

मी वृद्धाश्रमात काम करते, रात्रपाळी.
सात नंबरचे मिस्टर राइफश्नायडर
एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते.
मुलाचं नाव गेलं, बायकोचं जातंय,
बोटं मात्र चादरीवर टाइप करत असतात,
कधी चार एकदम, कुणी न बोलताही.
त्यांना सूप भरवताना विचारलं.
म्हणाले, दोषी एका झटक्यात उमटतं.
निर्दोष? तेही एकाच.
लोकांना वाटतं त्याला जास्त वेळ लागतो.
मग म्हणाले, सूप गार आहे.
गरम होतं.

रविवारी कोर्ट बाहेरून बघून आले.
शहाण्यानं पायरी चढू नये म्हणतात.
इथं बाजूच्या दाराला पायरीच नाही.
चाकाच्या खुर्च्यांसाठी सिमेंटचा उतार केलाय,
शहाणे काय, वेडे काय,
अलगद वर जातात.
उताराच्या कठड्याला कुणाचा तरी हातमोजा अडकवलेला,
डावा. सापडलेली वस्तू
इथं अशीही ठेवतात,
ज्याची असेल तो येईल म्हणून.

मंगळवारी डेल म्हणाला, मी सोडतो.
नकोच म्हणायचं होतं, पण बस नाही
आणि बाहेर उणे अकरा.
दिवा बदललाय त्यानं. दाखवायला
ब्रेक दाबून म्हणाला, मागं जाऊन बघ.
लाल होता. अगदी लाल.
त्यानं शेजारचं दार उघडलं,
सीटवरचे चिप्सचे तुकडे हातानं झाडले.
मी मागे बसले.

कारखान्यापर्यंत कुणी काही बोललं नाही.
वाफ सरळ वर चढत होती, वारा नव्हता.
मग आरशातून त्यानं विचारलं,
काय लिहिलंस?
मी म्हटलं,
रस्त्याकडे बघ.