माप

गॅदरिंगला नाटुकलं होतं म्हणून दोघं आली, हेरंब आणि वल्लरी,
रामबागेतल्या आमच्या दुकानात,
आणि मशीनवर चित्रांचं पुस्तक पसरून म्हणाली,
काकू, हे असं. डिट्टो.

चष्मा पुसून पाहिलं.
गडी म्हणजे पोत्यांची थप्पी. मान नव्हतीच,
कानाखालून थेट खांदे सुरू.
मांडी माझ्या कटिंग टेबलावर आडवी मावली नसती.
बाई छपराच्या कडेवर उभी,
छाती आपल्याकडे, बसायची बाजूही आपल्याकडेच,
मधली कंबर पंचासारखी पिळलेली.
हिची आतडी कुठे गेली गं, मी विचारलं.
वल्लरी हसली,
मग नकळत पोटावर ओढणी घेतली.

टेप गळ्यातच असतो. पानावर धरला.
त्याचा खांदा चार डोक्यांएवढा,
तिची कंबर एका डोक्याहून कमी.
छत्तीस वर्षं मापं घेतेय मी.
कापड मार्केटातले हमाल येतात,
ज्यानं गाठी उचलल्या त्याचा एक खांदा खाली असतो,
शर्टाला डावीकडे अर्धा इंच सोडावा लागतो.
खरी ताकद तिरकी असते,
या चित्रवाल्याला कुणी सांगितलं नसेल.

आणि कापड असं चिकटत नाही, बाळांनो.
दोन्हीकडे वेगवेगळं गुंडाळणारं लायक्रा
सीतलामाता बाजारात अजून आलेलं नाही.
शिवाय दोघं एकाच शत्रूशी लढणार ना?
मग याच्या छातीवर पत्रा
आणि हिच्या छातीवर खिडकी का?
हेरंब म्हणाला, काकू, ती स्टाइल असते.
असेल.

रात्री जुनी वही उघडली, उगाच.
सोनोने, मिलमधले. छाती चाळीस.
मिल बंद झाली त्यानंतरच्या दिवाळीला सदतीस.
कुणी मारलं नव्हतं त्यांना.
डबीरबाई, चौतीस. पुढच्या पानावर, ऑपरेशननंतर,
डाव्या बाजूला मी आकडा लिहिला नाही, फुली मारली,
आणि ब्लाउजला आतून कापसाची वाटी शिवली.
आठवड्यानं वाटी उसवून आणून दिली त्यांनी.
म्हणाल्या, उकडतं हो फार.
माझं माप वहीत कुठेच नाही.
उरलेल्या कापडात बसेन तेवढी मी.

ट्रायलला हेरंबला फोमचे खांदे, फोमची छाती,
पोटावर सहा छोट्या उशा.
पडद्यातून आडवा होऊन बाहेर आला.
आरशापुढे बराच वेळ उभा.
मग हळूच, वल्लरी ऐकणार नाही अशा बेतानं,
काकू, हे काढल्यावर मी अगदीच हा दिसेन का?
खांदा साडेसोळा, मी वाचून दाखवलं.
तुझ्या बाबांचा सोळा होता, लग्नाच्या कोटाला.
तो काही बोलला नाही. फोम मात्र लगेच काढला नाही.

वल्लरीला विचारलं, खिडकी ठेवू की बुजवू?
तिनं अशी पाहिलं, जणू हा प्रश्न असतो हेच नवीन.
बुजवा. पण बाह्या नकोत, मला दंड दाखवायचेत.
पोरगी चिमणबागेत गोळा फेकते.
उजवा दंड साडेबारा, डावा बारालाही कमी.
पुस्तक चाळलं शेवटपर्यंत.
एकाही बाईचे दोन दंड वेगळे नाहीत.
आणि खिसा हवा, ती म्हणाली.
त्या सगळ्या बायका घराची किल्ली ठेवतात कुठे?

पैसे दिले, पोशाख नेले, पुस्तक विसरली.
ते अजून काउंटरवर आहे, पंख्यानं पान फडफडतं,
बाई छपरावर तशीच, पिळलेली.
गिऱ्हाईक नव्हतं दुपारी.
खडू पानावर उमटेना, म्हणून पेन्सिल घेतली
आणि तिच्या कमरेला दोन्ही बाजूंनी
दोन दोन इंच माया सोडली,
कुणाच्याही कपड्याला सोडते तशी,
पुढे कधी उसवायला लागलं तर.