मानशीवरच्या काचा

माळारच्या मानशीला, ओहोटीच्या रेघेखाली,
मी सुतळीने सात काचा बांधल्या,
प्रत्येकीशी चिपीचं एकेक पान.
कायतान दार उचलता उचलता म्हणाला,
"मासळी धरतलें गो आरशांनी?"

पहिल्या दिवशी काच कोरी. म्हणजे मला कोरी.
तिसऱ्या दिवशी बोटाला बुळबुळीत:
कुणी चिकटून बसलेलं,
कुणी त्याच्या चिकावर टेकलेलं,
कुणी नुसतंच उष्ट्यावर.

सहावी वेगळी निघाली.
पाणी तेच, गाळ तोच, सुतळीही एकाच गुंड्याची.
तिथे आधी दुसरंच कुणी पोचलं होतं
आणि मागून आलेल्यांनी
त्याच्या रीतीने संसार मांडले.
महिन्याने बाकीच्या पानांच्या नुसत्या शिरा,
सहावीचं पान अजून चामड्यासारखं, अख्खं.

इतक्याशा उशिराने
एक पान मातीला मिळायचं राहतं,
हे मी वहीत लिहिलं, मग खोडलं,
मग पुन्हा लिहिलं.

कायतानने बांधाखालचा मूठभर चिखल घेतला,
हुंगला. बांध फुटला त्यानंतर
तीन वर्षं तो असाच हुंगतोय.
"यंदा कोरगुट घालूया," म्हणाला.
कुणाला विचारून, ते नाही सांगितलं.
हात शर्टाला पुसले
आणि मानशीचं दार खाली सोडलं.