ट्यूबलाइट मोडता कामा नये

मत विचारू नका. विचारलंत तर बसावं लागेल
इथंच, आयटीआय सिग्नलला, दशपुत्यांच्या टपरीवर.
चहा सांगा. मला बिनसाखरेचा.

एकतीस वर्षं सातपूरला प्रेस शॉपमध्ये डाय घासला मी.
सपाट पत्र्याचं एका दणक्यात दार होताना
रोज आठ तास पाहिलंय.
आमच्याकडे एक खोली होती,
छताला नुसत्या ट्यूबलाइटी.
दारावर तेलाचा हात फिरवायचा
आणि पत्र्यात पडलेली ट्यूबलाइट बघायची.
या टोकाची त्या टोकाला न अडखळता गेली, की दार पास.
कुठं जरा नागमोडी झाली
की परत डायवर.
बोटाला न लागणारी चूकही असते, साहेब,
उजेडाला लागते.

आता या नव्या गाड्या बघा,
सगळ्या कुणावर तरी चिडलेल्या.
डोळे बारीक, जबडा वासलेला,
दारावर तीन-तीन रेघा
आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही,
भावकीतल्या बांधासारखा.
वर मागं पंख!
द्वारकेच्या चौकात वीस मिनिटं अडकणार ती,
पंख काय वाळत घालायचे?
आमची पद्मिनी बघायची होती.
नाकासमोर बघून चालणारी,
लग्नाला मुहूर्ताआधी पोचलेल्या मावशीसारखी,
काठपदर नीट.
म्हातारा झालोय म्हणून बोलतो असं म्हणा हवं तर.
पण रेघ ती रेघ.

आणि ड्रायव्हरांचं म्हणाल,
तर पळशाचा यशोधन गायधनी.
बास. दुसरं नाव घेऊ नका.
द्राक्षाच्या गाड्या हाकत शिकला,
एक घड दुखावला तर बापाचा मार.
त्यामुळं जिप्सी उडवायचा तीसुद्धा
आत द्राक्षं असल्यासारखी.
मागचं चाक कुठं पडणार
हे पुढच्या चाकाआधी त्याला कळायचं.

तोरंगणचा घाट, रॅलीचा शेवटचा टप्पा,
बेचाळीस सेकंदांनी पुढं होता.
बेचाळीस!
आणि रेडिएटरच्या पाइपाची क्लिप सुटली.
बारा रुपयांची क्लिप.
वाफेच्या ढगात हा उभा, हेल्मेट हातात,
आणि शेजारून गेला तो
ज्याला आरसा बघून गिअर टाकावा लागायचा.
त्याला करंडक, त्याला टायरवाल्यांचे पैसे,
पुढं कोइम्बतूर, मग मलेशिया की कुठंसं.
चांगलं झालं त्याचं. माझं काही म्हणणं नाही.
गल्लीत लोक म्हणतात, नशीब.
मी म्हणतो, क्लिप.
चोवीस वर्षं हाच वाद.
नौशाद कोकणी, वडाळा नाक्याचा डेंटर,
हातोडीनं पत्रा कुरवाळतो आणि म्हणतो,
चाचा, दोन्ही एकच.
एकच कसं?
नशीब कुणी आवळत नाही.

ती क्लिप आदल्या रात्री मी आवळली होती.
टॉर्चच्या उजेडात. दोन पेच कमी दिले असतील,
दीड असेल.
यशोधनला माहीत आहे.
त्यानं कधी काढलं नाही.

जेलरोडला शाळेची व्हॅन चालवतो आता तो.
परवा मला घरी सोडलं,
मांडीवर चहाचा थर्मास, झाकण ढिलं,
गंगापूर रोडची सगळी वळणं झाली,
थेंब हलला नाही.
वाटेत काही बोललो नाही आम्ही.
बोनेटवरून रस्त्याचे दिवे सरकत होते,
एकामागून एक, सरळ,
फक्त डाव्या कोपऱ्यात एक पोचा,
तिथं येऊन प्रत्येक दिवा अडखळायचा.

म्हटलं, नौशादकडं टाकू का दोन दिवस?
राहू दे, म्हणाला.

चहा थंड झाला तुमचा.