लाभ

रेवदंड्याला खळ्यावर भात मोजताना
वडील पहिल्या मापाला एक म्हणायचे नाहीत.
लाभ, म्हणायचे. मग दोन, मग तीन.
मला वाटायचं हे फक्त आमच्याकडेच.

ग्रिम्सबीला आले तर
इथेही माणसं आकड्यांनी मोजत नव्हते.
लिपमन, म्हातारा राखणदार,
दहा शब्दांचं एक वचन पुटपुटत
बाकांवरून नजर फिरवायचा,
एका डोक्यावर एक शब्द.
वचन पुरं झालं की प्रार्थना.
अर्धवट राहिलं की कोणीतरी गोदीकडे पळायचं,
हॅडॉकच्या पेट्यांमागून
एखादा यहुदी ओढून आणायला.

शिलेमान पहिल्यांदा आत गेला
तेव्हा आत नऊ होते.
नऊ जणांनी त्याच्या रंगाकडे पाहिलं,
मग घड्याळाकडे.
बापाचं नाव? लिपमननं विचारलं.
अब्राहाम.
एवढ्यावर काम झालं.
मी वर सज्जात, ओले मोजे, सहावा महिना,
खालच्या टोप्या मोजत होते:
लाभ, दोन, तीन.

आमच्याकडे सिनेगॉगला मशीद म्हणतात,
हे मी चहाच्या वेळी सांगून बसले.
कपबश्या थांबल्या.
मग मिसेस ब्लूस्टोननं विचारलं,
आणि तुमच्या त्या पापलेटला खवले असतात?
असतात, म्हटलं. बारीक.
तिनं बशी पुढे सरकवली.

दाराशी कोळशाची पेटी होती.
हिवाळ्यात प्रत्येकानं मूठ झाकून हात घालायचा,
झाकलेलीच बाहेर काढायची.
कोण टाकतंय, कोण काढतंय,
बघायचं नाही.
बर्फाच्या कारखान्यात संप झाला त्या वर्षी
शिलेमाननं तीनदा हात घातला.
टाकायला नव्हे.
नंतर कित्येक वर्षं तो घालत राहिला,
किती, ते मीही विचारलं नाही.

युद्धात फुटलेली एक रंगीत खिडकी
परत रंगीत झालीच नाही.
साधी काच बसवली. तिच्यातून समुद्रपक्षी दिसतात,
आणि मुलांचं लक्ष उडतं.
आता मुलंच नाहीत.
माझी लीड्सला, ब्लूस्टोनची कॅनडात,
लिपमनचा नातू तेवढा राहिला,
दात काढतो, आणि सोमवारी वचन म्हणतो.

मागच्या वर्षी ठराव आला: बायकांनाही मोजायचं का?
हात वर झाले. पाच, तीन, एक गप्प.
हायमन ब्लूस्टोन म्हणाला,
माझ्या आईला कोणी मोजलं नाही
आणि तिच्याइतकी प्रार्थना तुमच्यातल्या कोणी केली नाही.
बाजूनं बोलतोय की विरुद्ध,
त्याचं त्यालाही कळलं नसावं.
टोपी घेऊन गेला.

फेब्रुवारीत शिलेमानची तिथी.
सोमवार, समुद्रावरून आडवा वारा.
मी खालीच बसले, पहिल्यांदा,
त्याच्या बाकावर. बाक मला लांब होतो,
पाय टेकत नाहीत.
भिंतीवर त्याची पितळी पाटी,
नावात एक अक्षर जास्त,
शेजारचा छोटा दिवा बंद.

नातवानं सुरुवात माझ्यापासून केली.
पहिला शब्द माझ्या डोक्यावर आला
आणि मला खळ्याचा, उन्हात तापलेल्या
भाताचा वास आला. उगाच.
मग पुढचे शब्द, पुढची डोकी.
नवव्यावर संपलं.

कद्दीश नऊ जणांत म्हणत नाहीत.
घड्याळ, रेडिएटरची टकटक.
कोणीतरी म्हणालं, फोन करू का.
कोणाला, ते म्हणालं नाही.

मग दार उघडलं. ब्लूस्टोन.
एक पाय आत, एक बाहेर,
वारा पुस्तकांची पानं उलटत होता
आणि कोणी दार लावा म्हणेना.
बाहेर थंडी आहे, तो म्हणाला,
जणू गेले पन्नास हिवाळे
त्यानं इथे काढलेच नव्हते.
माझ्याकडे न बघता भिंतीशी गेला.
त्याचं विजेचं दुकान होतं,
हे सगळे दिवे त्यानंच बसवलेले.
शिलेमानच्या पाटीवरचा बल्ब
दोन बोटांनी पिळला. सैल होता नुसता.
लागला.

मग माझ्याकडे पाठ करून
आपल्या जागेवर बसला.
दहावा शब्द कोणी म्हटला
मला ऐकू आलं नाही.
मी उभी राहत होते,
पाय जमिनीवर शोधत.