जादा बाण

विजयदुर्गपासून रेडीपर्यंत पायवाट आखायची, असं ठरलं.
माझ्या वाट्याला देवगड तालुका:
पिवळ्या ऑइलपेंटचे चार डबे, दोन इंची ब्रश,
आणि वाटाड्या म्हणून तातू घाडी,
ज्याचं वय त्यालाही नक्की सांगता येत नाही.

दर दोनशे पावलांवर एक बाण.
जांभा रंग पितो. पहिला हात नुसता आत जातो,
दुसऱ्याला कुठे पिवळं दिसू लागतं.
तातू उकिडवा बसून बघतो.
"वाट दिसताच हा," म्हणतो, "तिका हळद कित्याक?"

मला दिसत नाही.
मला दिसतो सडा, करपलेल्या तव्यासारखा,
आणि वाळल्या गवतात हरवलेले माझेच बूट.
त्याला दिसतं
गडग्याला कुठे खिंडार आहे,
कातळाच्या कुठल्या वाटीत होळीपर्यंत पाणी राहतं,
कुठे कुणीतरी, कधीतरी,
माणसाहून लांब मासा कोरून ठेवलाय,
शेपूट डोंगराकडे, तोंड पाण्याकडे.
तिथे मी ब्रश टेकवला नाही. वळसा घेतला.

दुपारी, करवंदीच्या सावलीत,
मी त्याला बर्फाचं सांगितलं. वाचलं होतं तेवढंच.
दूर उत्तरेला देशच्या देश बर्फाखाली होते,
बर्फ सरकायचा,
विळीवर खोबरं खवावं तशा दऱ्या खवत जायचा.
इकडे तो कधी आला नाही.
पण एवढं पाणी तिकडे गोठून बसलं
म्हणून आपला समुद्र मागे हटला होता,
खूप मागे,
ही कड तेव्हा किनारा नव्हतीच.

तातूनं सुक्या बांगड्याचा काटा
भाकरीच्या कडेला नीट ठेवला.
बराच वेळ काही नाही.
मग: "मगे तेव्हा ही वाट खंय जाय होती?"

संध्याकाळी कडा आला.
खाली लाटा, फेस, एक पाणकावळा पंख वाळवत.
नकाशात वाट इथे डावीकडे वळते,
उतरून जेटीवर जाते.
मी डावा बाण काढला. दोन हात दिले.
डबा मिटणार,
तर तातू हललाच नाही. कमरेवर हात,
नजर सरळ, जिथे पाणी संपत नाही तिथे.

तळाला थोडा रंग होता.

रात्री हिशेबाच्या वहीत लिहिलं:
आजचे बाण एकोणचाळीस.
पैकी जादा, एक.
कारणाचा रकाना कोरा सोडला.