माठाचं पाणी

चोपड्याच्या वाचनालयात मे महिन्यात
जलरंग करू नये.
पंचेचाळीस अंशांत ओला केलेला कागद
रंग पसरायच्या आत वाळतो,
कडेला चुन्यासारखी रेघ धरून बसतो.

पाणी माठाचं, उखाआप्पांनी दिलेलं.
बोअरचं आहे, म्हणाले, जड आहे,
भांड्यांना थर बसतो, पोटाचं विचारू नको.
ब्रश टेकवला तर कपाटांच्या काळपट तांबड्यात
क्षाराचे बारीक कण उगवले.
जुन्या सागवानाचा एवढा खरखरीतपणा
मला हातानं साधला नसता.

झरोक्यातला उजेड मी रंगवला नाही.
तो रंगवायचा नसतोच,
तेवढा कागद कोरा राखायचा
आणि बाकीचं सगळं
त्याला धक्का न लावता अंधारत न्यायचं.
आप्पांना वाटलं, राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चित्र लांब धरलं,
चष्मा कपाळावर.
कपाटं मोजली. सात. बरोबर.
शिडीची मोडकी पायरी सापडली, हसले.
मग म्हणाले, "ती पोर कोठे शे?"

कोणती, ते मला ठाऊक होतं.
अडावदहून पहिल्या गाडीनं येणारी सायरा तडवी,
निळी प्लास्टिकची खुर्ची,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली,
तलाठी भरतीचं फुगलेलं गाइड.
चित्र शंभर वर्षांपूर्वीचं दिसावं म्हणून
मी ट्यूबलाइट गाळली, खुर्ची गाळली,
आणि तिला.

"तिन्हामुये तं सातले दार उघडस मी,"
आप्पा म्हणाले, आणि माठ पुन्हा कलंडवला.

जलरंगात चुकीवर पांढरा फासता येत नाही.
ओल्या स्पंजानं चौथ्या कपाटाचा कोपरा
उचलत राहिले, टिपत राहिले.
पुस्तकांच्या दोन रांगा निघाल्या.
फिकट डाग उरला, जरा पुढे वाकलेला,
त्याला मान आधीच होती.
खाली निळं भरलं.
सागवान मात्र पुरतं निघालं नाही,
ते तिच्या खांद्यावर राहिलं.

दुपारी सायरा पाणी प्यायला उठली,
माझ्यामागे थांबली, बघितलं.
"खुर्चीचा हा पाय तुटलाय," म्हणाली,
"तारेनं बांधलाय."
आणि पानाशी परत गेली.

सगळ्यात बारीक ब्रश शोधून
मी तार बांधली.